दर महिन्याचे पैसे कुठं द्यावेत

पांढरकवडा, जि. यवतमाळ

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

पगारातून दर महिन्याला पाच हजार देणगीसाठी बाजूला काढतोस, हे वाचून बरं वाटलं. पण सात संस्थांची यादी? काऊन रे बावा! सातांना सातशे-सातशे वाटून कोणाचाच खर्च भागत नाही. दोनच निवड, आणि मग पाच वर्षं तरी सोडू नको.

आनंदवन, हेमलकसा, सर्च ही नावं यादीत असणारच होती. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याला कुष्ठरोग्यांसाठी उभं केलेल्या कामाबद्दल मी काय सांगावं! मला स्वतःला सर्च जास्त पटतं, कारण डॉ. अभय आणि राणी बंग यांनी काम केलं तसं मोजलंही. गडचिरोलीच्या ३९ गावांत गावच्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, तुलनेसाठी ४७ गावं धरली आणि बालमृत्यू किती घटले ते १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापलं. पुढे गावोगावच्या ‘आशा’ आरोग्य सेविकांच्या कामात तीच घरोघरची पद्धत देशभर गेली. एक हप्ता तिकडे लाव, माझी ना नाही.

दुसऱ्यासाठी मात्र जरा आडवळणाला ये. आपल्या तालुक्यात कोलाम आदिवासींच्या पोडांवरच्या, म्हणजे वस्त्यांवरच्या, पोरांसाठी एक लहानसं वसतिगृह चालतं. मी गेलो तेव्हा खजिनदारानं काही न विचारता कीर्द, म्हणजे जमाखर्चाची वही, पुढ्यात ठेवली. प्रत्येक पानाला ऑलपिननं बिलं टोचलेली. तूरडाळ, सिलिंडर, बोअरची मोटर भरून आणल्याचे पैसे, आणि खाली स्वयंपाकीण बाईंचा पगार, त्यापुढे लाल शाईत ‘बाकी’. देणगीदारांना दाखवायला पोरांचे वाढदिवसवाले फोटो भिंतीवर एकही नाही. दुसऱ्या एका संस्थेत मला गुळगुळीत कागदाचं रंगीत पुस्तक मिळालं, पण दहावीनंतर पोरं कुठं जातात, हे तिथं कोणालाच सांगता आलं नाही.

तू विचारतोस, पगारावर आणि कार्यालयावर किती टक्के जातात. अरे, भाकरी थापणाऱ्या बाईचा पगार हा वरखर्च कसा? तेच तर काम! वह्या, दप्तरं, ब्लँकेटं द्यायला लोक रांगेत उभे असतात, पगाराला कोणी हातभार लावत नाही. म्हणून पावतीवर ‘अमुकसाठीच’ असं लिहायला लावू नको. त्यांना गरज असेल तिथं खर्चू दे.

आम्हा गावच्यांचं देणं कापूस विकला की दिवाळीनंतर, आणि तुम्हा नोकरदारांचं मार्चमध्ये, करासाठी. मधले आषाढ-श्रावण संस्थेचे हात रिकामे, अन् शाळा तर तेव्हाच सुरू होते! तुझा दर महिन्याचा हप्ता म्हणूनच मोलाचा.

कागदपत्रं मात्र पाहा. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी आणि मागल्या दोन-तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल माग, मागायची लाज धरू नको. आढेवेढे घेतले तर समजून जा. रोख देऊ नको, दोन हजारांवरच्या रोख देणगीला आयकरातली देणगीची सूट नाही. अन् तू नवी कररचना घेतली असशील तर ती सूट तशीही मिळत नाही, तेव्हा मार्चची वाट कशाला पाहतोस?

मी सांगितलं म्हणून लगेच पैसे लावू नको. दिवाळीत येशील तेव्हा एक दिवस काढ, मोटरसायकलवर जाऊन येऊ, कीर्द तूच चाळ. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
गावचा मित्र