बाई, ती झेरॉक्सची पानं अजून माझ्याकडे आहेत

प्रिय बाई,

सा. न. वि. वि.

हे पत्र खरं तर तुमच्या घरच्या पत्त्यावर यायला हवं होतं. सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण तुमच्याकडे जर्मन शिकलेले माझ्यासारखे अनेकजण इथे वाचत असतील आणि त्यांच्याकडेही तुम्ही दिलेलं एखादं पान नक्की असेल.

स्विस लेखक पेटर बिक्सेल गेले, 15 मार्च 2025 ला. नव्वदावा वाढदिवस नऊ दिवसांवर आला होता. बातमी वाचली आणि आधी तुम्ही आठवलात, मग ते.

तुमच्याकडे शिकत होते त्या वर्षी मी बी-वनच्या, म्हणजे जर्मनच्या मधल्या पातळीच्या, तोंडी परीक्षेत नापास झाले होते. वर्गातले बाकीचे आधी इंग्रजीत विचार करायचे आणि मग जर्मनमध्ये बोलायचे. मी मराठी माध्यमातली, घरी 'काय करालाईस' म्हणणारी. माझं इंग्रजीच लंगडं. नामाचं लिंग दाखवणारं डेअर, डी, दास चुकेल या भीतीने मी वर्गात तोंड उघडणं सोडून दिलं. क्लास बंद करते, असं सांगायला आले, तर तुम्ही कपाटातून तीन पानं काढून दिलीत. म्हणालात, "यात तुला येत नाही असा एकही शब्द नाही. वाचून ये, मग जा."

बिक्सेलांची 'टेबल म्हणजे टेबल' ही ती गोष्ट. एक एकटा म्हातारा रोजच्या त्याच त्या दिवसांना कंटाळून वस्तूंची नावं बदलतो. पलंगाला 'चित्र' म्हणतो, टेबलाला 'गालिचा', खुर्चीला 'गजराचं घड्याळ'. दमला की चित्रात जाऊन झोपतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही तुमचा चष्मा, डस्टर आणि पाण्याची बाटली टेबलावर ठेवून आमच्याकडून त्यांची नावं बदलून घेतलीत. मी चष्म्यातून पाणी प्यायले! वर्ग हसला, मीही हसले आणि हसता हसता बोलले. मग तुम्ही शेवट वाचलात. म्हाताऱ्याला लोकांचं बोलणं कळेनासं होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे लोकांना त्याचं. तो गप्प होतो, साधा नमस्कारही करेनासा होतो. वर्ग चिडीचूप झाला. तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाहीत, पण ती गोष्ट कोणासाठी होती ते मला कळलं होतं.

तुम्ही तेव्हा एवढंच सांगितलं होतं, "हा माणूस शाळामास्तर होता." पुढे मी जमेल तसं वाचत गेले. जन्म 1935 चा, लुत्सर्नचा, पण बालपण ओल्टनमध्ये. मग झोलोथुर्नला शिक्षकाचं प्रशिक्षण आणि 1968 पर्यंत प्राथमिक शाळेत नोकरी. तिथली मुलं घरी स्विस बोली बोलतात, पुस्तकातली जर्मन त्यांना शाळेत शिकावी लागते. म्हणजे बाई, मला जी भाषा अवघड वाटत होती, ती बिक्सेलांच्या वर्गातल्या मुलांनाही शिकूनच घ्यावी लागत होती. हे वाचलं त्या दिवशी माझ्या मनातली लाज बरीचशी गेली. त्यांची वाक्यं इतकी छोटी का, याचं उत्तर मला तरी त्या वर्गातच सापडतं. लहान मुलांसमोर रोज उभं राहणाऱ्या माणसाला अवजड वाक्य परवडत नाही.

त्यांचं नाव झालं ते 1964 च्या एका लहानशा पुस्तकाने. त्यातली श्रीमती ब्लुम यांची गोष्ट मला सगळ्यात जवळची. दूधवाला पहाटे चारला येतो. बाहेर पोचे आलेलं भांडं, त्यात पैसे आणि चिठ्ठी. दोन लिटर दूध, शंभर ग्रॅम लोणी. "आज लोणी संपलं" असं तोही चिठ्ठीवरच कळवतो. दोघं एकमेकांना ओळखतात म्हटलं तर ओळखतात, पण भेट काही होत नाही. माझी आई दारात पिशवी अडकवून त्यात दुधाची कुपनं ठेवायची. कोल्हापुरातला आमचा जिना मला स्वित्झर्लंडच्या पुस्तकात सापडला.

पुढच्याच वर्षी त्यांना 'ग्रुप्पे 47' या जर्मन लेखकांच्या गटाचं पारितोषिक मिळालं. 1969 मध्ये आपल्या म्हाताऱ्याची गोष्ट असलेला 'मुलांच्या गोष्टी' हा संग्रह आला, आणि त्याच वर्षी स्वतःच्या देशाला खडे बोल सुनावणारं पुस्तकही. विली रिचार्ड हे घरं गरम ठेवणारी हीटिंग यंत्रणा बसवण्याच्या कामापासून सुरुवात करून स्वित्झर्लंडच्या मंत्रिमंडळात पोहोचलेले कामगार नेते. बिक्सेल 1974 ते 1981 त्यांचे सल्लागार होते, त्यांची भाषणं लिहून द्यायचे. साधं बोलता येणाऱ्या माणसाची मंत्र्याला गरज वाटावी, याचं मला फार अप्रूप वाटतं.

'मुलांच्या गोष्टी' या संग्रहातच ऐंशी वर्षांचा आणखी एक म्हातारा आहे. पृथ्वी गोल आहे हे स्वतः पाहायचं म्हणून तो नाकासमोर चालत निघतो. दहा वर्षं होतात, तो आता नव्वदीचा असेल, आणि गोष्ट सांगणारा अधूनमधून घराबाहेर येऊन पश्चिमेकडे बघत राहतो. बिक्सेलांचं वय बातमीत वाचल्यावर मी ते पान काढून पुन्हा वाचलं आणि रडले.

बाई, मी आता जर्मन शिकवते. जर्मनीला निघालेल्या नर्स मुली येतात माझ्याकडे. बऱ्याचजणी लहान गावांतल्या, माझ्यासारख्याच गप्प. गेल्या महिन्यात एक म्हणाली, "मॅडम, मला नाही जमायचं." मी काही बोलले नाही, तीच पानं काढून दिली. परवा तिने वर्गात स्टेथोस्कोपला 'छत्री' म्हटलं आणि दहा मिनिटं बोलत राहिली.

तुम्ही मला गप्प होऊ दिलं नाहीत. हे तेव्हाच सांगायला हवं होतं. आज सांगते आहे, उशीर झाला त्याबद्दल माफ करा.

पुढच्या रविवारी तुमच्याकडे येते. पानं बरोबर आणते. तिसऱ्या पानाच्या कडेला तुमच्या हिरव्या शाईतली एक खूण आहे. ती कशासाठी केली होतीत, हे विचारायचं राहूनच गेलं आहे.

तुमची विद्यार्थिनी
(शेवटच्या बाकावरची)