थांबायचं कधी, हे आधी लिहून ठेव

चि. मृणाल हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, आठ महिने सगळ्या टीमनं यात घातले, आता मागं कसं फिरायचं?" तेव्हा मी काही बोलले नाही. तू दमलेली होतीस, आणि दमलेल्या माणसाला फोनवर सांगितलेलं लक्षात राहत नाही. म्हणून लिहिते. तुझं सॉफ्टवेअर मला कळत नाही, पण आपल्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालक मंडळावर बसून दहा तोंडांतून एक निर्णय कसा काढायचा असतो, ते मला चांगलं कळतं.

पहिलं म्हणजे "आठ महिने घातले" हे वाक्य हिशेबातून काढून टाक. तो पैसा आणि त्या जागलेल्या रात्री गेल्या. काम पुढं नेलंस तरी त्या परत यायच्या नाहीत, थांबवलंस तरी नाहीत. आजपासून पुढं जी माणसं आणि जो पैसा लागेल, त्यातून काय हाती येईल, आणि तीच माणसं दुसऱ्या कामाला लावली तर काय येईल, एवढंच बघ.

आपल्याकडे फरदडीचं, म्हणजे हंगाम सरल्यावरही कपाशी उभी ठेवण्याचं, काय होतं ते तू लहानपणापासून पाहिलं आहेस. डिसेंबर सरता सरता पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, उपटावी, हे कोण्या कास्तकाराला सांगावं लागत नाही. तरी "एवढा खर्च झाला, आणखी दोन क्विंटल निघाला तर निघू दे" म्हणून पाणी देतात. गुलाबी बोंडअळीला तेच हवं असतं. ती त्या उरलेल्या बोंडांत राहते आणि पुढच्या हंगामात अख्ख्या शिवारावर येते. २०१७ साली आपल्या भागानं ते भोगलं.

बाबा आता कामगंध सापळ्यांची, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढणाऱ्या सापळ्यांची, वही ठेवतात. सकाळी वावरात गेले की सापळ्याची पिशवी खालून सोडतात, आतले करडे पतंग काडीनं बाजूला सारून मोजतात आणि आकडा तिथंच धुऱ्यावर बसून लिहितात. एका सापळ्यात रोज ८ पतंग, सलग ३ रात्री, म्हणजे फवारणीची वेळ आली, ही नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेची शिफारस. शेजाऱ्यानं पंप पाठीवर घेतला म्हणून बाबा घेत नाहीत, आणि आकडा ओलांडला की "उद्या पाहू" म्हणत नाहीत. वाद घालायला जागाच राहत नाही, कारण आकडा पेरणीच्या आधीच ठरलेला असतो, डोकं शांत असताना.

तुझ्या कामाला असा आकडा आहे का? सुरुवातीला लिहिला नसेल तर आता लिही. अमुक तारखेपर्यंत इतके ग्राहक रोज वापरत नसतील, किंवा खर्च इतक्याच्या वर गेला, तर आम्ही थांबू. तो आकडा कोण मोजणार आणि "थांबा" कोण म्हणणार, त्यांची नावंही त्याच कागदावर हवीत. नाव नसलं की जो तो दुसऱ्याकडे पाहतो.

आता डाळ मिलचं सांगते, ते तुला पूर्ण माहीत नाही. आपल्या कंपनीनं मिल घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं. अनुदान होतं, अर्जाची मुदत संपत आली होती, आणि अध्यक्षांच्या मनात मिल भरली होती. अशा वेळी बैठकीत कोणी नाही म्हणत नाही. मी एका प्रशिक्षणात ऐकलेली रीत तिथं मांडली. गॅरी क्लाइन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची ती आहे. काम सुरू होण्याआधीच धरून चालायचं की ते बुडालं, आणि का बुडालं ते प्रत्येकानं लिहायचं. मी चिठ्ठ्या वाटल्या आणि म्हटलं, दोन वर्षं झाली, मिलला कुलूप आहे, कारण लिहा. नावं नकोत.

ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये पंख्याशिवाय आवाज नव्हता. बहुतेक चिठ्ठ्यांवर वीज, मजूर, मशीनची दुरुस्ती असं होतं. एका चिठ्ठीवर बारीक अक्षरात लिहिलेलं निघालं : "तूर निघाली की व्यापारी नगदी पैसे देतो. कंपनी चुकारा महिन्यानं देईल. मग माल कोण आणेल?"

सगळे गप्प झाले. मिलचा पैसा आम्ही मोजला होता, तूर विकत घ्यायला हाती लागणारा पैसा मोजलाच नव्हता. एरवी हे कोणी बोललं असतं तर त्याला मोडता घालणारा म्हटलं असतं. खोट काढायचं कामच सगळ्यांना दिलं, म्हणून ते बाहेर आलं. शेवटी असं ठरलं की एक हंगाम दुसऱ्याच्या मिलवर भाड्यानं डाळ करून घ्यायची, सभासदांनी २०० क्विंटल तूर आणली तरच मिलचा विचार. अनुदान गेलं. अध्यक्ष चार दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. मला आजही तोच निर्णय बरोबर वाटतो.

भाड्यानं करून पाहिलेली गोष्ट सोडता येते. बांधलेली सोडता येत नाही. गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ साली झालं, मूळ अंदाज ३७२ कोटींचा, तो पुढं १८ हजार कोटींच्या वर गेला. वैनगंगेवर अर्धं धरण ठेवून कोणाला घरी जाता येत नाही. तुझ्या यादीत असे निर्णय किती आहेत ते वेगळं काढ. त्यांना वेळ दे, बाकीचे दुपारच्या चहाआधी उरक.

आणखी एक. तू आता टीमची प्रमुख आहेस, तर बैठकीत सगळ्यांत शेवटी बोल. तू आधी बोललीस की नवीन मुलं तुझंच म्हणणं फिरवून सांगतील. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात अभ्यास गट वेगळा बसतो आणि ग्रामसभा वेगळी. गटात फक्त समजून घ्यायचं, तिथं काही ठरवायचं नाही. ठरवायचं ग्रामसभेत, तेही मतदानानं नव्हे, सर्वांच्या सहमतीनं. वेळ लागतो. पण त्याच गावानं २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकारही. तुझ्याकडे एवढा वेळ नाही, सहमतीची वाट पाहत बसू नकोस. पण माहिती घेण्याची बैठक एका दिवशी आणि ठरवण्याची दुसऱ्या दिवशी, एवढं तर करता येईल. मधली रात्र फार कामाची असते.

साहेबांना काय वाटेल याची भीती मनात आहे, ते मला कळतं. त्यांच्यापुढं जाताना "मला वाटतं" घेऊन जाऊ नकोस, कागद घेऊन जा. पुढं नेलं तर काय, थांबवलं तर काय, दोन्ही त्यावर असू दे, आणि तू स्वतः कोणत्या बाजूची आहेस तेही स्पष्ट लिही. निर्णय तुझ्या विरुद्ध गेला तरी कागद राहील.

सोमवारी बैठक आहे ना? शनिवारी रात्री फोन कर, कागदावर काय लिहिलंस ते मला वाचून दाखव. जिथं मला कळणार नाही तिथं तुझ्या टीमलाही कळणार नाही, असं समज. बाबांनी नवीन तुरीची डाळ बांधून ठेवली आहे, येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर पाठवते. जेवण वेळेवर घे.

तुझी,
आई