सर, मी आधी जमिनीकडे पाहिलं

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

फ्लॉरेन्सहून परतल्यावर तुम्हाला फोन केला, पण तेवढ्यानं मन भरलं नाही. म्हणून हे पत्र, सगळ्यांना वाचता येईल असं.

तिथल्या उफिझी कलासंग्रहालयात आम्हाला जेमतेम तीन तास मिळणार होते. निघायच्या आदल्या रात्री तुम्ही फोनवर अर्धा तास दिलात आणि बजावलंत, ‘ह्यूगो व्हान डेर गूस या चित्रकाराच्या येशूजन्माच्या चित्रापुढे उभी राहिलीस की बाळाकडे नंतर बघ. आधी जमिनीकडे बघ.’ सारी गर्दी बोत्तिचेल्लीच्या चित्रांकडे लोटली होती. मी या चित्रापुढे थांबले. दोन्ही बाजूंना दारांसारख्या मिटणाऱ्या फळ्या असलेलं ते चित्र उघडल्यावर जवळजवळ सहा मीटर रुंद आहे, आणि मी पाहत होते तळाशी ठेवलेली एक बरणी!

औषधांच्या दुकानात पंचवीस वर्षं काढलेल्या बाईला औषधाची बरणी ओळखू येणारच. नक्षीदार, मातीची. तिच्यात शेंदरी लिली आणि पांढरे-जांभळे आयरिस. शेजारी काचेच्या पेल्यात निळी कोलंबाइन आणि तीन लाल कार्नेशन. आयरिसची पानं तलवारीसारखी, येशूच्या आईच्या, मरीयेच्या काळजात पुढे घुसणाऱ्या दुःखाची. तीन कार्नेशन म्हणजे क्रुसाचे तीन खिळे. बाळ नुकतं जन्मलंय आणि त्याचं मरण समोर फुलदाणीत मांडून ठेवलंय. तुम्ही हे आधी सांगितलं होतं, तरी तिथे माझे डोळे भरून आले.

फुलांमागे गव्हाची पेंढी आहे. येशूचं जन्मगाव बेथलेहेम म्हणजे हिब्रूत ‘भाकरीचं घर’, हे तुमच्याकडूनच कळलं. देवदूतांच्या अंगावर मिस्सेचे, म्हणजे चर्चमधल्या उपासनेचे, भरजरी झगे, आणि ज्याच्यासाठी हा सोहळा ते बाळ उघडंनागडं, भुईवर. मरीयेचा नवरा योसेफ, त्याच्याजवळ पायातलं काढून ठेवलंय. पवित्र जागी पायातलं काढ, असं मोशेला देवानं सांगितलं होतं. देवळाच्या पायरीशी चपला काढणाऱ्या आपल्याला ते कुणी समजावून सांगायला नको.

फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याच्या बँकेचा ब्रूजमधला (आजच्या बेल्जियममधला) कारभारी तोमाझो पोर्तिनारी यानं 1475 च्या सुमारास हे करवून घेतलं. 1483 मध्ये ते फ्लॉरेन्सला पोचलं आणि सांता मारिया नुओव्हा रुग्णालयाच्या चर्चमध्ये लागलं. रुग्णालयात! मग त्या बरणीचा अर्थ माझ्यासाठी आणखी खोल झाला. आजारपणानं खंगलेलं माणूस तिथे गुडघे टेकत असेल, तेव्हा त्याच्या ओळखीची एक तरी वस्तू त्या चित्रात होती. आणि ते तीन मेंढपाळ! राठ हात, एकाचं तोंड आश्चर्यानं उघडं, दात पडलेले. श्रीमंत दात्याच्या चित्रात सगळ्यात जिवंत माणसं तीच आहेत, असं मला वाटतं.

सर, तुमच्या त्या अर्ध्या तासाबद्दल मनापासून आभार. चित्राची मोठी छापील प्रत तुमच्यासाठी आणली आहे. तुम्ही सांगितलेला, बैलाजवळच्या काळोखात लपलेला सैतान मात्र मला काही दिसला नाही. रविवारी येते, तेवढा दाखवा.

तुमची विद्यार्थिनी