आजार नैराश्याचा, समलिंगी असण्याचा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अँड्र्यू सॉलोमन या अमेरिकी लेखकाचे ‘द नूनडे डेमन’ (2001) हे नैराश्यावरील पुस्तक आमच्या वाचक मंडळाने नुकतेच चर्चेला घेतले. ते निव्वळ आत्मकथन नाही, तरी लेखकाचे स्वतःचे दुखणे हाच त्याचा गाभा आहे. ‘बिचारा समलिंगी होता, म्हणून खचला’ असा निष्कर्ष चर्चेत अनेकांनी काढला. तो मला पटला नाही.

लेखकाला नैराश्याने ग्रासले ते 1994 मध्ये, म्हणजे पहिली कादंबरी प्रसिद्ध होत असताना आणि आईच्या मृत्यूचे दुःख आता पचले असे वाटत असताना. अंथरुणातून उठून अंघोळ करणेही अशक्य व्हावे, इतके ते तीव्र होते. समलिंगी असण्याचा या दुखण्याशी काहीच संबंध नाही, असे लेखक म्हणत नाही. पण तो संबंध आकर्षणाचा नसून, लहानपणापासून मनात भिनवल्या गेलेल्या लाजेचा आहे. आईची नाराजी त्याला ठाऊक होती आणि तरुणपणी स्वतःला बदलण्यासाठी त्याने उपचारही घेतले होते. ही पाने वाचताना, लेखकाचे घर न्यूयॉर्कमधले आहे याचा मला विसर पडला.

आपल्याकडेही मुलाने धीर करून घरी सांगितले की पालक आधी ‘इलाज’ शोधतात, आणि तो सापडला नाही की लग्न लावून देतात. (त्या लग्नात आणखी एका मुलीच्या आयुष्याची माती होते, याचा विचार क्वचितच होतो.) वास्तविक सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले, मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार लैंगिक कलावरून उपचारांत भेदभाव करता येत नाही, आणि मद्रास उच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने, लैंगिक कल बदलण्याचे तथाकथित उपचार करणे हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. यांपैकी शेवटची बाब आमच्या मंडळातील एका निवृत्त डॉक्टरांनाही माहीत नव्हती.

आपल्या आरोग्यविषयक पुरवणीत नैराश्यावर लेख येतात, पण परीक्षा, नोकरी आणि कर्ज यांपलीकडची कारणे त्यांत सहसा दिसत नाहीत. समलिंगी मुलामुलींच्या पालकांसाठी एखाद्या मनोविकारतज्ज्ञाचा लेख आपण प्रसिद्ध करावा आणि त्यात आयोगाचा हा निर्णय स्पष्ट शब्दांत द्यावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सातारा