हे किलोनी का नगावर?

चिऊ,

परवा तुझ्या आर्ट कॉलेजच्या डिस्प्लेहून न जेवता रात्रीच्याच गाडीनं निघालो, कापणी आहे म्हणून सांगितलं, पण तसं काही नव्हतं हे तुला कळलंच असेल. तू माईक घेऊन जोक केलास, चित्र बघून शेतकरी बाप विचारतो "हे किलोनी का नगावर?" आणि सगळी गॅलरी हसून फुटली. हसलो मी पण. विचारलं होतंच ना मी तसं, पण तेव्हा तू हसली नव्हतीस.

तुमच्या मॅडम म्हणाल्या की गॅलरीत माईक घेऊन जोक करणं हे पण आर्टच. म्हटलं बघू तरी. तर त्यांनी सांगितलेली ती अमेरिकेतली कलाकार अँड्रिया फ्रेझर, 1989 ला फिलाडेल्फियाच्या म्युझियममध्ये गाईडचं सोंग घेऊन लोकांना फिरवते आणि पाणी प्यायच्या नळापुढे थांबून त्याचं असं कौतुक करते की जणू ताजमहालच. बरंचसं बोलणं म्युझियमच्याच कागदांतून उचललेलं. इंग्रजी निम्मं डोक्यावरून गेलं तरी खूप हसलो, कारण तिथे पाणी प्यायला आलेल्या माणसाची टर उडवलेली नाही, म्युझियमच्या जड जड बोलण्याची उडवलीय.

त्या इटलीच्या कलाकाराचं, कॅटेलानचं, भिंतीला टेपनं चिकटवलेलं केळं तर आपल्या रावेरात व्हॉट्सअपवर महिनाभर फिरत होतं, नावच त्याचं कॉमेडियन. 2019 ला मायामीत 1 लाख 20 हजार डॉलर, 2024 ला न्यूयॉर्कच्या लिलावात 62 लाख, आणि घेणाऱ्यानं खाऊन टाकलं. इथे भाव पडला की घड बागेतच सोडायची वेळ येते आणि तिकडे एका नगाला एवढे, पारावर आम्ही पोट धरून हसलो. मग वाचलं की लिलावातलं केळं बाहेरच्याच गाडीवरून 35 सेंटला आणलेलं आणि पेपरवाल्यानं किंमत सांगितली तर तो गाडीवाला म्हातारा रडला. तेव्हापासून त्या जोकवर मला निम्मंच हसू येतं.

किलोवाला जोक काढू नकोस, चांगला जमलाय. पण शेजारी ते लोंबणारे दोरे होते ना, त्याखालचा कागद मी तीनदा वाचला, "अवकाशाशी अपूर्ण संवाद" वगैरे, त्यावर तू एक अक्षर बोलली नाहीस. तो तुमच्या सरांनी लिहिलेला का? मग बरोबर आहे, मार्क त्यांच्याच हातात.

आईनं चिवडा दिलाय, खाली केळ्यांची एक फणी आहे, हिरवी आहे अजून, चार दिवसांनी पिकेल. भिंतीला लावायची तर एकच लाव, बाकीची रूमवरच्या पोरींना दे.

पप्पा