क्लेअरच्या ताईंना, सिडनीहून

प्रिय ताई,

स. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. तुमचं नाव, गाव, हॉस्पिटल काहीच लिहायचं नाही ही तुमची अट पाळलीय. सासूबाईंच्या पणजीचं नावही लिहीत नाही, ती अट त्यांची. मराठीत लिहितेय हे एका परीनं बरंच आहे. सासूबाईंना यातलं अक्षरही कळणार नाही आणि मला मोकळेपणानं बोलता येईल.

वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. ताई मूळच्या सांगलीकडच्या. आता बरीच वर्षं आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, क्लेअर काउंटीत नर्स आहेत. सुट्टीच्या दिवशी लोक मॉलमध्ये जातात, ताई जुन्या दफनभूमीत जाऊन थडग्यांवरची नावं उतरवून घेतात. मी सिडनीत असते. माझं सासर आयरिश वंशाचं, आणि सासूबाईंना ऐंशीच्या घरात आल्यावर एकच ध्यास लागला होता: आपली पणजी आयर्लंडमधल्या नेमक्या कुठल्या गावची? इथल्या मराठी मंडळातल्या एका मैत्रिणीनं तुमचा नंबर दिला.

त्या वेळी सासूबाईंकडे एक तयार वंशवृक्ष होता. इंटरनेटवर कुणीतरी चढवलेला आणि मग कितीतरी जणांनी जसाच्या तसा उचललेला. त्यात पणजी कॉर्क काउंटीची होती. आईवडील, भावंडं, बाप्तिस्म्याची तारीख, सगळं जागच्या जागी. तुम्ही तो पाहिला आणि एवढंच विचारलंत, "कॉर्क कुठून आलं?" कुणालाच सांगता येईना. नाव जुळत होतं, वय साधारण जुळत होतं, बस. सासूबाई त्या दिवशी तुमच्यावर चिडल्या होत्या, हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. एवढं छान झाड फुकटात मिळालेलं आणि ही कोण कुठली बाई त्याच्या मुळाशी हात घालतेय!

"आयर्लंडचं मी बघते, तुम्ही आधी ऑस्ट्रेलियातले कागद संपवा," हे तुमचं वाक्य आता आमच्या घरात म्हणीसारखं झालंय. आयर्लंडमध्ये नाव घेऊन शोधायला गेलात तर एका नावाच्या पन्नास मुली भेटतील, म्हणालात. तिथे माणूस शोधायचा तर आधी गाव हवं, गावही नव्हे, टाउनलंड. शेतं आणि चार-दहा घरं मिळून झालेला जमिनीचा सगळ्यात लहान तुकडा. असे साठ हजारांहून जास्त आहेत त्या एवढ्याशा बेटावर. आणि टाउनलंडचं नाव बहुधा आयर्लंडमध्ये मिळत नाही, जिथे माणूस जाऊन मेला तिथल्या कागदावर मिळतं.

न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनी ज्यात येतं त्या तेव्हाच्या ब्रिटिश वसाहतीत, सरकारी जन्ममृत्यू नोंदणी १८५६ साली सुरू झाली. तिथला मृत्यूचा दाखला म्हणजे खजिनाच: आईवडिलांची नावं, जन्म कुठे झाला, वसाहतीत येऊन किती वर्षं झाली, लग्न कुठे झालं, मुलं किती. (आयर्लंडच्या त्या काळच्या दाखल्यावर मेलेल्या माणसाचे आईवडील नसतातच, हे तुमच्याकडूनच कळलं.) पणजीचा दाखला मागवला. माहिती देणारा तिचा मुलगा. आजीचं माहेरचं आडनाव त्याला ठाऊक नव्हतं. वडील मायकल, आई मेरी, एवढंच. पण जन्मस्थळाच्या रकान्यात स्पष्ट लिहिलं होतं: क्लेअर. कॉर्कचं झाड तिथेच आडवं झालं.

वसाहतीतली वर्षं मागे मोजली तर १८५० येत होतं. मी सहज म्हणून तो आकडा तुम्हाला कळवला, तर तुमचा उलट फोन नाइट ड्यूटीच्या मधल्या सुट्टीत. "अगं, ही अर्ल ग्रेची मुलगी दिसतेय."

मला अर्ल ग्रे म्हणजे चहा माहीत. हे त्याच घराण्यातले पुढचे, ब्रिटिश मंत्रिमंडळात वसाहतींचा कारभार पाहणारे. १८४५ पासून बटाट्यावर करपा पडत गेला आणि आयर्लंडमध्ये दुष्काळानं दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली. १८४१ मध्ये ऐंशी लाखांहून अधिक असलेली लोकसंख्या दहा वर्षांत पासष्ट लाखांवर आली. वर्कहाउसं अनाथ पोरांनी भरून वाहायला लागली. वर्कहाउस म्हणजे अगदी निरुपाय झालेल्यांना काम करवून पोटापुरतं देणारी जागा. आत शिरलं की नवरा एका दालनात, बायको दुसऱ्या, मुलं तिसऱ्या. तिकडे ऑस्ट्रेलियात बायकांचा तुटवडा. सरकारनं दोन्हीकडचा हिशेब जमवला आणि १८४८ ते १८५० या काळात वर्कहाउसांतल्या चार हजारांहून अधिक मुली जहाजांतून सिडनी, मेलबर्न आणि ॲडलेडला पाठवल्या. चौदा ते वीस वर्षांच्या. प्रत्येकीला एक लाकडी पेटी, त्यात मोजून मापून कपडे, मोजे, बूट. आणि इथे उतरल्यावर वर्तमानपत्रांनी त्यांना काय काय म्हणावं! आळशी, अडाणी, कुचकामी. ओरड इतकी वाढली की दोन वर्षांत योजनाच गुंडाळली. मला विचाराल तर हा उपकार कमी आणि निकाल लावणं जास्त होतं. सासूबाईंचं मत वेगळं आहे. "ती तिथे राहिली असती तर मी नसते," म्हणतात. यावर आमचं दोघींचं एकमत होणार नाही.

त्या मुलींची सिडनीत उतरल्यावर केलेली नोंद आजही शिल्लक आहे. तुम्ही सांगितलंत तसा तो कागद काढला. एकच आडवी ओळ. वय सतरा. धर्म रोमन कॅथलिक. लिहिता-वाचता येत नाही. आईवडील मायकल आणि मेरी, दोघंही मयत. वसाहतीत नातेवाईक कुणी नाही. आणि मूळ गावाच्या रकान्यात, कारकुनानं कानावर पडेल तसं खरडलेलं एक नाव, जे जगातल्या कुठल्याच नकाशावर नाही.

जहाज होतं थॉमस आर्बथनॉट. १८४९ च्या अखेरीस प्लिमथहून सुटून फेब्रुवारी १८५० मध्ये सिडनीला लागलेलं. क्लेअर, गॉलवे, केरीच्या मुली त्यात होत्या. त्यावरचे डॉक्टर चार्ल्स स्ट्रट यांची रोजनिशी टिकून आहे. एवढ्या खडतर काळात हा एक माणूस भला निघाला. शंभरावर मुलींना स्वतः बरोबर घेऊन ते गाड्यांमधून यास आणि गंडगाय या गावांपर्यंत आत गेले, चांगली घरं बघून एकेकीला कामाला लावत. पणजीचं लग्न गंडगायला झालं होतं. ती तिथे कशी पोचली हे कोडं घरात पिढ्यान्‌पिढ्या होतं, ते असं सुटलं.

आता तुमचं खरं काम सुरू झालं. ते न सापडणारं गावाचं नाव तुम्ही नकाशावर शोधत बसला नाहीत. शेजारच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवलंत. त्यांनी ते एकदा स्वतःशी पुटपुटलं आणि खिडकीतून हात करून टेकडीच्या पलीकडची जमीन दाखवली. इंग्रज कारकुनाच्या आडव्यातिडव्या अक्षरांत त्यांना आपल्या भागातला उच्चार लख्ख ऐकू आला. हे कुठल्याही सर्च इंजिननं केलं नसतं.

गाव मिळालं म्हणजे झालं, असं आम्हाला वाटलं. तुम्हाला नाही वाटलं. तिथे जनगणनेचा आधार नाहीच. १८२१ ते १८५१ च्या नोंदींपैकी जवळजवळ सगळ्या १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्‌स इमारतीतल्या दफ्तरखान्याला लागलेल्या आगीत गेल्या, नंतरच्या काही सरकारनंच नष्ट केल्या, पहिल्या महायुद्धात कागदाचा लगदा केला तो वेगळाच. पूर्ण हाती लागणाऱ्या सगळ्यात जुन्या म्हणजे १९०१ आणि १९११ च्या. आम्हाला त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांची वही उघडली की सात पिढ्या समोर यायची सवय. हे ऐकून मी हातच टेकले. पण चर्चच्या बाप्तिस्मा नोंदवह्या उरल्यात, त्या नॅशनल लायब्ररीनं २०१५ मध्ये सगळ्यांना फुकट खुल्या केल्या, आणि त्या तुम्ही घेऊन बसलात.

आणि तिथे एक नाही, दोन सापडल्या! एकाच नावाच्या, दोनेक वर्षांच्या अंतरानं, दोघींचे वडील मायकल, दोघींच्या आया मेरी. मुलांना आजी-आजोबांचीच नावं ठेवायची पद्धत, त्यामुळे चुलतभावंडांत तीच ती नावं. पहिली घेतली असती तर कुणी बोट ठेवलं नसतं. सासूबाईंनी तर तिचा वाढदिवसही डायरीत लिहून टाकला होता.

तुम्ही म्हणालात, थांबा. एकीला सिद्ध करता येत नसेल तर दुसरीला बाद करता येतं का बघू. तुम्ही त्याच चर्चची लग्नांची वही पुढे पुढे वाचत गेलात. मी एकदा ती पानं उघडून पाहिली आहेत, उडालेली शाई, ओल लागलेले कोपरे, एका पाद्र्याचं अक्षर लावतोय तोवर दुसरा पाद्री. रात्रपाळी करून आलेल्या बाईनं हे वाचायचं म्हणजे! आणि १८५३ च्या पानावर पहिली मुलगी नवरी म्हणून उभी. तेच टाउनलंड, साक्षीदारांत तिच्या बाप्तिस्म्याच्या वेळची धर्ममाता. १८५३ मध्ये आमची पणजी गंडगायला होती. म्हणजे आपली ती दुसरी.

मग ग्रिफिथचं मूल्यांकन. कोणाच्या ताब्यात किती जमीन, मालक कोण, कर आकारणी किती, याची घरोघर यादी, क्लेअरसाठी १८५५ ची. पहिलीच्या वडिलांचं घर त्यात आहे. आमच्या मायकलचं नाही. मदत हवी तर पाव एकराहून जास्त जमीन सोडून द्या, असा कायदा १८४७ मध्ये झाला होता. आधी जमीन गेली, मग माणसं गेली, असंच झालं असणार, पण तुम्ही तेही "असणार" म्हणूनच लिहून पाठवलंत. तुमच्या कागदावर प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एक शेरा असतो: नक्की, बहुधा, माहीत नाही. मी ऑफिसातही आता हीच पद्धत चालू केलीय.

ताई, आभार कशाचे मानू हे मी पुष्कळ दिवस मनात घोळवत होते. शोधून दिल्याचे आहेतच. पण त्याहून जास्त, "नाही" म्हणाल्याचे. म्हाताऱ्या बाईला खूश करायला एक पणजी हातात ठेवून मोकळं होणं किती सोपं होतं! तुमचं त्यात काही जाणारही नव्हतं. पेट्रोल मात्र स्वतःच्या पदरचं घालून तुम्ही त्या टाउनलंडवर गेलात, शेतमालकाची परवानगी काढलीत, संध्याकाळचं तिरपं ऊन पडेपर्यंत थांबलात, कारण त्या उजेडात दगडावरची पुसट अक्षरं वर येतात. दगड घासायचा नाही, खडू लावायचा नाही, हे मला बजावून सांगितलंत. थडगं मिळालं नाही. दुष्काळात मेलेल्यांना दगड कुठले? पण गवताखाली बटाट्याच्या वाफ्यांचे उंचवटे अजून दिसतात, त्यावर तुम्ही मोबाइल फिरवलात. तो व्हिडिओ पाहून सासूबाई रडतील म्हणून मी रुमाल घेऊन बसले होते. त्यांनी विचारलं काय, तर "समुद्र कुठल्या अंगाला?" तुम्ही कॅमेरा वळवलात. "बरं," म्हणाल्या, "म्हणजे वारा तोंडावर येत असणार." आणि चहा मागितला.

इथे हाइड पार्क बॅरक्समध्ये, जिथे त्या मुलींना उतरल्यावर ठेवत, काचेवर त्यांतल्या काहीजणींची नावं कोरली आहेत. ऑगस्टमध्ये दरवर्षी तिथे त्यांच्या वंशजांचा मेळावा भरतो. यंदा आम्ही जाणार आहोत. तुम्ही सुट्टी काढून याच, तिकीट आमच्याकडून. नाही म्हणायची सवय इथे चालणार नाही.

आणि हो, काम अजून संपलेलं नाही, हे तुम्हाला वाटलंच असेल. त्याच वहीत पणजीच्या आधी बाप्तिस्मा झालेला एक भाऊ आहे, तो पुढे कुठेच दिसत नाही. सासूबाईंच्या मते तो अमेरिकेला गेला. मी बॉस्टनच्या 'पायलट' वर्तमानपत्रातल्या हरवलेल्या माणसांच्या जुन्या जाहिराती वाचायला घेतल्यात, १८३१ पासूनच्या. त्यात लोक टाउनलंडसकट नाव देत. तुमच्या शिकवणीप्रमाणे आधी पलीकडचे कागद संपवते, मगच तुम्हाला त्रास देते. पण शनिवारी सकाळी ड्यूटी नसेल तर फोन नक्की करा. तुमची सकाळ म्हणजे आमची संध्याकाळ, आणि सासूबाईंची प्रश्नांची यादी तयार आहे.

तुमची,
सिडनीची धाकटी बहीण

ता. क. लसणाची चटणी आणि मेतकूट पोस्टानं पाठवलंय. मिळालं की कळवा.