बाई, यादीत माझं नाव आलं ते तुमच्यामुळे

बाई, नमस्कार.

शाळेत येऊन हे तोंडानं सांगता आलं असतं. पण माझ्यासारखे सुटून आलेले अजून चार जण वाचतील, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

भावकीच्या भांडणात माझ्या हातून गुन्हा घडला आणि सात वर्षं कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात गेली. २०२३ साली सुटून आलो तर मतदार यादीतून नाव गेलेलं. विचारायला कचेरीत गेलो. टेबलावरचा माणूस मान वर न करता म्हणाला, "शिक्षा भोगलेल्याला मत नसतं." निमूट परत आलो. आत राहून सवयच लागते, खुर्चीतला माणूस बोलला की पुढं विचारायचं नाही.

पुढच्या पावसाळ्यात तुम्ही, शाळा सांभाळून मतदार यादीचंही काम करणाऱ्या, यादीची पिशवी घेऊन आईचं नाव तपासायला आलात. आईनंच माझा विषय काढला. तुम्ही ओट्यावर बसलात, यादीत नाव घालायचा सहा नंबरचा अर्ज काढलात आणि वर्गात धडा वाचावा तसा मोठ्यानं वाचलात. नाव, जन्मतारीख, पत्ता, नागरिकत्व. खालच्या प्रतिज्ञेपर्यंत गेलात आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलंत. "यात कुठं विचारलंय, तुरुंगात होता का म्हणून?"

पत्त्याच्या पुराव्याला आईच्या नावचं लाइटबिल चाललं. चहाही घेतलात. मी आल्यापासून आमच्या घरी कुणी चहा घेतला नव्हता, बाई.

तुम्ही सांगितलेला कायदा मी नंतर शोधून वाचला. १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा, कलम ६२(५). तुरुंगात किंवा पोलीस कोठडीत असेल त्याला मत देता येत नाही. पण ते आत असेपर्यंतच. बाहेर आला, अगदी जामिनावर का असेना, की त्याला मत देता येतं. दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झालेल्याला सुटकेनंतर सहा वर्षं जी बंदी असते, ती निवडणूक लढवायला. लोक दोन्हींची गल्लत करतात आणि आमच्यासारखे घरात बसून राहतात.

एक गोष्ट मात्र मला अजून पटत नाही. आत कितीतरी कच्चे कैदी होते. गुन्हा शाबित नाही, नुसता जामीनदार मिळत नाही म्हणून अडकलेले. त्यांना मत नाही. आणि शिक्षा होऊन अपिलात जामिनावर सुटलेला माणूस रांगेत उभा राहू शकतो. सर्वोच्च न्यायालयानं १९९७ साली हे कलम कायम ठेवलं. तरी गरिबावर हा अन्यायच आहे, असं मी म्हणेन. २१ ऑक्टोबर २०१९ ला विधानसभेचं मतदान होतं. मत देऊन ड्युटीवर आलेल्या एका शिपायाच्या बोटावरची शाई आम्ही गजांतून बघत होतो.

२० नोव्हेंबर २०२४ ला, विधानसभेच्या मतदानाला, माझ्या नावाची मतदार चिठ्ठी तुम्हीच हातात दिलीत. मतदान केंद्रात एका पोरीनं माझा डावा हात धरून शाईची रेघ ओढली. याआधी असा हात धरला होता तो कारागृहात ठसे घेताना. बटण दाबलं. मत कुणाला गेलं ते दाखवणारी छापील चिठ्ठी मशीनच्या काचेमागं सात सेकंद दिसते. ती खाली पडेपर्यंत मी हललो नाही.

बाई, तुमचे मनापासून आभार.

शेजारच्या वाडीतला एक जण गेल्या महिन्यात सुटलाय. त्यालाही कुणीतरी तेच सांगितलंय, शिक्षा भोगलेल्याला मत नसतं म्हणून. रविवारी त्याला घेऊन येतो, त्याच्या वडिलांच्या नावचं लाइटबिलही आणतो. तो अर्ज त्यालाही तसाच वाचून दाखवाल ना?